ल्युपिन: वाफ्यात लावायचं, फुलदाणीत टिकवायचं

ब्रिटनमध्ये घर घेतलं, मागे छोटीशी बाग मिळाली, मे महिन्यात गार्डन सेंटरमध्ये गुलाबी-जांभळे तुरे बघून ल्युपिनची कुंडी उचलून आणली. पुढच्या वसंतात त्या जागी नुसती माती. ही तक्रार इथल्या मराठी मंडळींकडून मला दरवर्षी ऐकू येते. बहुतेकांनी झाडाची हेळसांड केलेली नसते. उलट लाडच जास्त झालेले असतात: भरपूर शेणखत, रोज पाणी, आणि जागा पसंत पडेना म्हणून दोनदा उपटून दुसरीकडे हलवलेलं.

ल्युपिन हे कडधान्यांच्या कुळातलं झाड आहे. हरभरा, तूर, वाटाणा, भुईमूग ही सगळी त्याची भावंडं. खाली खोल सोटमूळ, मुळांवर गाठी, वर फुलांनंतर लवदार शेंगा. ज्यांच्या घरी कधी तूर-हरभरा पिकला असेल त्यांना पुढचं पटकन कळेल: असल्या पिकाला नत्राचं खत घालायचं नसतं, मुळाशी पाणी साचू द्यायचं नसतं, आणि एकदा रुजलेलं रोप हलवायचं नसतं. ल्युपिनची निम्मी निगा एवढ्यात आली.

मी यॉर्कशायरमध्ये बाग करते. इथे दिलेले महिने इंग्लंडच्या हवामानाचे आहेत. स्कॉटलंडमध्ये दोन-तीन आठवडे उशीर धरा. अमेरिकेत सिअॅटलच्या बाजूला जवळपास हेच वेळापत्रक चालतं.

कुठलं ल्युपिन घ्यायचं

बागेतल्या बहुवर्षायु ल्युपिनचा पूर्वज म्हणजे ल्युपिनस पॉलिफायलस. तो उत्तर अमेरिकेच्या पश्चिम भागातला, आणि डेव्हिड डग्लस या वनस्पती-संग्राहकामुळे १८२६ च्या सुमारास ब्रिटनमध्ये पोचला. त्याचे तुरे बहुतेक निळे आणि विरळ असायचे. आज आपण बघतो ते खच्चून भरलेले, दोन-दोन रंगांचे तुरे घडवले ते यॉर्कच्या जॉर्ज रसेल या माळ्याने. लोकांच्या बागांमध्ये काम करून पोट भरणारा हा माणूस. पन्नाशी ओलांडल्यावर, १९११ च्या सुमारास, त्याने आपल्या अलॉटमेंटवर, म्हणजे बागकामासाठी भाड्याने घेतलेल्या जमिनीच्या तुकड्यावर, ल्युपिनची निवड सुरू केली. परागीकरणाचं काम त्याने भुंग्यांसारख्या गुबगुबीत बंबलबी माश्यांवर सोडलं होतं. स्वतः करायचा ती निवड, आणि त्यात दयामाया नाही: मनासारखं फूल नसेल तर रोप उपटून टाकायचं, उत्तम झाडांचंच बी धरायचं. वीसेक वर्षं त्याने कुणाला रोप विकलं नाही. शेवटी वुल्व्हरहॅम्प्टनजवळच्या बेकर नर्सरीने त्याचं मन वळवलं आणि १९३७ च्या जूनमध्ये लंडनच्या रॉयल हॉर्टिकल्चरल सोसायटीच्या प्रदर्शनात ही फुलं लोकांपुढे आली. आजही पाकिटावर ‘रसेल’ हे नाव दिसतं ते त्याचंच.

नवख्याने सुरुवात रसेलच्या मिश्र रंगांच्या बियांनीच करावी. झाड ९० ते १२० सेंटिमीटर उंच होतं, देठ लांब मिळतात, फुलदाणीसाठी हीच जात बरी. वारा फार असेल किंवा कुंडीतच लावायचं असेल तर ‘गॅलरी’ ही बुटकी मालिका घ्या. ती साधारण ५० ते ६० सेंटिमीटरवर थांबते. ठरावीक रंगच हवा असेल तर निळ्या-पांढऱ्यात ‘द गव्हर्नर’, पिवळ्यात ‘शँडेलियर’, पांढऱ्यात ‘नोबल मेडन’ ही नावं शोधा. पण बियांपासून केलेल्या रोपांत एखादं वेगळ्या रंगाचं निघणारच. मला तर त्यातच मजा वाटते.

जागा आणि माती

दिवसाचं निदान सहा तास ऊन, किंवा दुपारनंतर थोडी सावली. वारा सरळ अंगावर येणारी जागा टाळा, कारण फुलांचा देठ आतून पोकळ असतो आणि जूनमधल्या एका वादळी पावसात मोडून पडतो.

मातीचा निचरा ही पहिली अट. लंडनच्या आसपास, हॅरो-वेम्ब्ली भागात चिकणमाती असते; हिवाळ्यात ती पाणी धरून बसते आणि ल्युपिनचा गड्डा, म्हणजे मुळाच्या माथ्यावरचा कोंबांचा भाग, कुजतो. अशा ठिकाणी वाफा आजूबाजूच्या जमिनीपेक्षा वीतभर उंच करा, त्यात जाड वाळू किंवा बारीक खडी आणि कुजलेला पालापाचोळा मिसळा. खणायचं ते माती वाफशावर असताना. मूठभर माती दाबून बघा: गोळा होऊन बोटाच्या टिचकीने फुटला तर खणा, चिकटून राहिला तर चार दिवस थांबा. सोटमुळाला खाली जायला वाट हवी, म्हणून फावड्याच्या पात्याच्या दुप्पट खोलीपर्यंत माती भुसभुशीत करा.

दुसरी अट, मातीत चुना नको. ल्युपिनला किंचित आम्ल ते उदासीन माती लागते. सामू (pH) साडेपाच ते सातच्या दरम्यान असावा. गार्डन सेंटरमध्ये सामू तपासायचं स्वस्त किट मिळतं, ते एकदा वापराच. दक्षिण इंग्लंडमध्ये बऱ्याच ठिकाणी जमिनीखाली खडूचा, म्हणजे चुन्याचा, खडक आहे. तिथे झाड लोह घेऊ शकत नाही, पानं पिवळी पडतात आणि शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. खत घालून हे सुधारत नाही. तिथे उंच वाफा बांधा किंवा निदान ३० सेंटिमीटर खोल कुंडी घ्या, आणि साध्या कंपोस्टमध्ये आम्लप्रिय झाडांचं कंपोस्ट मिसळून भरा. लंडनचं नळाचं पाणीही जड, चुना असलेलं आहे. कुंडीतल्या झाडांना पिंपात साठवलेलं पावसाचं पाणी घाला.

खताबद्दल तर हात आवराच. मुळांवरच्या गाठींतले जिवाणू हवेतला नत्र झाडाला पुरवतात. वरून शेणखत किंवा नत्राचं खत दिलंत तर पानांचा नुसता झाडोरा होतो, देठ लुळे पडतात आणि मावा, म्हणजे रस शोषणारी बारीक कीड, आवर्जून येतो.

बी पेरताना

ल्युपिनचं बी वाटाण्यापेक्षा लहान आणि कवचाला टणक. थेट पेरलं तर काही आठवड्याभरात उगवतं, काही महिनाभर ढिम्म. म्हणून आधी दोन सँडपेपरच्या तुकड्यांमध्ये बिया हलक्या घासा, कवचावरची चकाकी जाईपर्यंतच, आणि रात्रभर कोमट पाण्यात भिजत टाका. मटकी भिजवतो तसंच. सकाळी टरारून फुगलेल्या बिया वेगळ्या काढून पेरा. न फुगलेल्या पुन्हा घासून पुन्हा भिजवा.

पेरणी मार्च-एप्रिलमध्ये, घरातल्या खिडकीत किंवा थंड ग्रीनहाऊसमध्ये. पसरट ट्रे नको, उंच अरुंद कुंड्या घ्या. टॉयलेट पेपरच्या पुठ्ठ्याच्या नळ्याही चालतात. सोटमूळ पहिल्या दिवसापासून खाली धावतं आणि तळाला आदळलं की गुंडाळत जातं. एका कुंडीत एक बी, सेंटिमीटरभर खोल. पंधरा ते वीस अंश तापमानात दहा ते पंधरा दिवसांत कोंब दिसतो. आधी दोन जाड बीजपत्रं, मग हाताच्या पंजासारखं पहिलं खरं पान.

त्या पानाकडे पावसानंतर जरूर बघा. मधोमध, जिथे सगळी बोटं एकत्र येतात, तिथे पाण्याचा एकच गोल थेंब पाऱ्यासारखा चमकत बसलेला असतो. पानावरच्या बारीक लवीमुळे तो पसरत नाही. रोप निरोगी आहे याची ही मला आवडणारी खूण.

तीन-चार खरी पानं आली आणि कुंडीच्या तळातून पांढरी मुळी डोकावली की रोप बाहेर लावायची वेळ झाली. आधी आठवडा-दहा दिवस दिवसा बाहेर, रात्री आत, अशी हवेची सवय लावा. मे महिन्यात वाफ्यात लावा. रसेलच्या रोपांत ६० ते ७५ सेंटिमीटर अंतर, बुटक्या जातीत ४० ते ४५. सुरुवातीला फारच विरळ दिसतं. तरी अंतर कमी करू नका, कारण दाटीत हवा खेळत नाही आणि उन्हाळ्यात भुरी, म्हणजे पानांवर पांढरी बुरशी, येते. लावताना मातीचा गोळा फुटू देऊ नका, आणि गड्डा मातीच्या पातळीला ठेवा, खोल पुरू नका. पहिल्या हंगामात पावसाने ओढ दिली तर आठवड्यातून एकदा भरपूर पाणी. रोज थोडं-थोडं शिंपडल्याने मुळं वरच राहतात.

लवकर पेरलेल्या झाडाला त्याच वर्षी उन्हाळ्याच्या शेवटी एखादा तुरा येतो. खरा बहर दुसऱ्या वर्षी, मेच्या अखेरीपासून जूनभर.

गोगलगायींचा बंदोबस्त

ल्युपिन मरण्याचं सर्वांत मोठं कारण हेच, म्हणून यावर वेळ घालवा. ब्रिटनच्या ओल्या वसंतात शंखाच्या गोगलगायी आणि बिनशंखाच्या स्लग, दोन्ही रात्री बाहेर पडतात. ल्युपिनचे मार्चमधले कोवळे कोंब त्यांना इतके आवडतात की जमिनीतून वर आलेला कोंब तुमच्या नजरेला पडायच्या आत फस्त होतो. पुढच्या वर्षी झाड आलंच नाही, असं जे वाटतं, त्यात बऱ्याच वेळा झाड आलेलं असतं आणि खाल्लं गेलेलं असतं.

हिवाळ्यात ल्युपिन जमिनीवरून पूर्ण नाहीसं होतं. म्हणून शरदातच गड्ड्याजवळ एक काठी रोवून ठेवा, नाहीतर फेब्रुवारीत दुसरं काही लावताना फावडं त्याच्यावरच पडेल. गड्ड्यावर आच्छादन घालू नका. ओलसर पाचोळ्याखाली तो कुजतो आणि गोगलगायींना घर मिळतं. फेब्रुवारीअखेर जुनी वाळलेली पानं काढून टाका.

मग रात्री अंधार पडल्यावर टॉर्च घेऊन बाहेर जायचं आणि हाताने वेचायच्या. याइतका खात्रीचा उपाय मला माहीत नाही. जोडीला सूत्रकृमी वापरता येतात: पाकिटातली पावडर पाण्यात कालवून झारीने मातीवर द्यायची, त्यातले सूक्ष्म कृमी जमिनीखालच्या स्लगना मारतात. मातीचं तापमान पाच अंशांच्या वर असलं पाहिजे, नाहीतर पैसे वाया. दाणेदार औषध वापरायचंच तर फेरिक फॉस्फेटचं. जुन्या मेटाल्डिहाइडच्या निळ्या गोळ्यांच्या बाहेरच्या वापरावर ग्रेट ब्रिटनमध्ये २०२२ पासून बंदी आहे. जुन्या घराच्या शेडमध्ये डबा सापडला तर तो वापरू नका, कौन्सिलच्या घातक कचऱ्याच्या सोयीत नेऊन द्या. कोंब वीतभर उंच झाले, पानं जून झाली, की धोका बराच ओसरतो.

बहर आणि कापणी

फुलं आली की थोडा वेळ बंबलबी बघत उभे राहा. ल्युपिनच्या फुलात मध नसतो, ती येते परागासाठी. बाजूच्या दोन पाकळ्यांवर बसली की तिच्या वजनाने त्या खाली दबतात आणि आत मिटलेल्या होडीसारख्या पाकळीच्या टोकातून केशरी परागाची बारीक वळी बाहेर ढकलली जाते, थेट तिच्या पोटाला लागते. माशी उडाली की पाकळ्या पुन्हा वर.

फुलदाणीसाठी पहाटे किंवा सकाळी लवकर कापा, तुऱ्याची खालची तिसरा हिस्सा ते निम्मी फुलं उमललेली आणि शेंडा मिटलेला असताना. सगळा तुरा उमललेला कापलात तर दुसऱ्या दिवशी टेबलावर पाकळ्यांचा सडा. कापताना देठ शक्य तितका लांब, पण खालची पानं झाडावरच राहू द्या; पुढच्या वर्षीचं बळ त्यांच्यात आहे. पहिल्या-दुसऱ्या वर्षाच्या झाडाचे एक-दोनच तुरे न्या.

देठ पोकळ असल्याने त्यात हवा अडकते आणि पाणी वर चढत नाही. यावर इथल्या जुन्या फूलवाल्यांची युक्ती आहे: तुरा उलटा धरायचा, पोकळ देठात झारीच्या बारीक तोंडाने पाणी भरायचं, कापसाच्या बोळ्याने तोंड बंद करायचं, आणि तसाच सुलटा करून खोल बादलीतल्या पाण्यात ठेवायचा. दोन-तीन तास, शक्य असेल तर रात्रभर, गार अंधाऱ्या जागी. मग फुलदाणीत. पाण्याखाली जाणारी सगळी पानं काढा, पाणी रोज बदला. पाच ते सात दिवस टिकतात.

दोन गोष्टी आधीच माहीत असू द्या. फुलदाणीत ल्युपिनचे शेंडे वळतात. रात्री सरळ ठेवलेला तुरा सकाळी मान वाकडी करून बसलेला असतो. त्याला अडवायला जाऊ नका, रचनाच थोडी मोकळी ठेवा. आणि फुलदाणी केळी-सफरचंदांच्या टोपलीशेजारी नको. पिकत्या फळांतून निघणाऱ्या इथिलीन वायूने पाकळ्या लवकर गळतात.

जे तुरे कापले नाहीत ते सुकायला लागताच, शेंगा धरायच्या आत, खालच्या पानांपर्यंत छाटा. झाडाची ताकद बियांत जात नाही आणि जुलै-ऑगस्टमध्ये बाजूचे लहान तुरे येतात. गणपतीला ही फुलं मिळतील का, असं बरेच जण विचारतात. त्यांच्या भरवशावर राहू नका; त्यासाठी डेलिया आणि झेंडू लावा. वाफ्यात त्यांची जागा ल्युपिनच्या पुढ्यातच ठेवली तर सोयीचं, कारण जुलैनंतर ल्युपिनची पानं मलूल होतात आणि ती जागा ओकीबोकी दिसते.

मावा, भुरी, करपा

ल्युपिनचा मावा वेगळाच आहे: राखाडी-हिरवा, मेणचट आणि आकाराने चांगलाच मोठा. उत्तर अमेरिकेतून आलेली ही कीड ब्रिटनमध्ये १९८१ मध्ये पहिल्यांदा आढळली. पानाखाली आणि तुऱ्याच्या दांडीवर इतकी दाट बसते की दांडी दिसत नाही, आणि झाड आठवड्यात माना टाकतं. एप्रिलपासून दर दोन दिवसांनी पानं उलटून बघा. पहिले दहा-वीस दिसले तेव्हाच बोटांनी चिरडले किंवा पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने उडवले तर काम भागतं. फुलांवर कीटकनाशक मारू नका, माश्या मरतात.

भुरी उन्हाळ्यात कोरड्या मातीत येते. पांढरी पानं कापून टाका, मुळाशी पाणी द्या. करपा अधिक वाईट: देठ पिळवटतात, पानांवर तपकिरी डाग पडतात. तो बियांतूनही पसरतो. असं झाड उपटून घरच्या कंपोस्टच्या ढिगात न टाकता कचऱ्यात द्या, आणि त्याचं बी धरू नका.

झाड थकल्यावर

चांगलं ल्युपिनसुद्धा तीन ते पाच वर्षांचं सोबती. गड्डा लाकडासारखा कडक होतो, तुरे बारीक होतात. गड्डा चिरून दोन झाडं करायचा मोह आवरा. सोटमूळ चिरलं की दोन्ही अर्धी मरतात. रंग जपायचा असेल तर छाटकलम करा.

एप्रिलमध्ये कोंब आठ-दहा सेंटिमीटरचे झाले की बुडाजवळची माती बाजूला सारा. धारदार चाकूने कोंब असा काढा की त्याला गड्ड्याचा छोटा भरीव तुकडा चिकटून येईल. नुसता देठ कापलात तर पोकळी उघडी राहते आणि कलम कुजतं. खालची पानं काढा, वरची एक-दोन ठेवा, आणि अर्धं कंपोस्ट अर्धं पर्लाइट (पांढरे, हलके खनिज दाणे) भरलेल्या कुंडीच्या कडेला खोचा. वर सैल प्लॅस्टिकची पिशवी, जागा उजेडाची पण उन्हाची नको. महिना-दीड महिन्यात मुळं धरतात. निरोगी झाडाचेच कोंब घ्या. पानांवर चट्टेपट्टे असतील तर विषाणू असू शकतो आणि तो कलमात जसाच्या तसा उतरतो. एका झाडाचे दोनच कोंब काढा, बाकीचे त्याला फुलायला ठेवा.

शेंगा: घरातही नकोत, रानातही नकोत

बागेतल्या ल्युपिनच्या बिया विषारी आहेत. शेंगा वाटाण्यासारख्या दिसतात, मुलं सहज तोंडात घालतात. लहान मूल किंवा कुत्रा असेल तर शेंगा धरूच देऊ नका. इटालियन दुकानांत खाऱ्या पाण्यात मिळणारे ल्युपिनी दाणे वेगळ्या जातीचे असतात, त्यांच्यावर कडवटपणा काढायची प्रक्रिया झालेली असते. घरच्या बिया भिजवून-शिजवून बघायचा प्रयोग अजिबात नको. आणि ज्यांना शेंगदाण्याची अॅलर्जी आहे त्यांनी ल्युपिनच्या पिठापासूनही सावध राहावं. ब्रिटनमध्ये पाकिटावर ठळक लिहावं लागणाऱ्या चौदा अॅलर्जीकारक पदार्थांत ल्युपिन आहे.

वाळलेली शेंग फुटताना पीळ खाते आणि बी लांब उडवते. न्यूझीलंडमध्ये टेकापो तलावाकाठी सगळे जिथे फोटो काढतात, ते ल्युपिन तिथलं मूळचं नाही. नद्यांच्या उघड्या खडकाळ पात्रांत ते पसरल्याने ‘काकी’ नावाच्या पक्ष्यासारख्या, जमिनीवर अंडी घालणाऱ्या दुर्मीळ पक्ष्यांची जागा गेली. फिनलंडमध्ये ते उपद्रवी परदेशी वनस्पतींच्या यादीत आहे, तिथल्या मराठी कुटुंबांनी दुसरं फूल निवडावं. अमेरिकेच्या ईशान्य भागात राहत असाल तर तिथलं देशी ल्युपिनस पेरेनिस लावा: कार्नर ब्लू या संकटग्रस्त फुलपाखराच्या अळ्या फक्त त्याचीच पानं खातात. ब्रिटनमध्ये लावा, पण बागेतला कचरा ओढ्याकाठी किंवा रस्त्याकडेला टाकू नका.

पुण्या-नाशिकात लावता येईल का?

बहुवर्षायु म्हणून नाही. एप्रिल-मेचं ऊन आणि त्यावर जुलैची संततधार, दोन्ही त्याला सोसत नाही. हौस असेल तर ऑक्टोबरमध्ये खोल कुंडीत बी पेरून एका हिवाळ्यापुरतं बघता येईल, त्यातही वर्षायु जातींचं बी मिळालं तर जास्त बरं, कारण उत्तर भारताच्या मैदानात हिवाळी फूल म्हणून त्याच लावतात. उभ्या तुऱ्यांची कापणीची फुलं हवी असतील तर महाराष्ट्रात त्याच ऑक्टोबरात लार्कस्पर आणि स्नॅपड्रॅगन पेरा, ग्लॅडिओलसचे कंद लावा. जानेवारी-फेब्रुवारीत फुलदाणी भरेल.